चाकांवरची खोपी

(दृश्य : गवतात उभी चार बिडाची चाकं. कॅमेरा हळूहळू वर सरकतो.)

आधी चाकं बघा. ओतीव बिडाची आहेत. मागची दोन मोठी, पुढची जरा लहान आणि डावी-उजवीकडे वळणारी. पुढे दांडी लावायची, घोडे जुंपायचे आणि मेंढरं जातील तिकडे घर न्यायचं. इंग्लंडच्या मेंढपाळाची ही खोपी. हल्ली इथे जोडपी शनिवार-रविवार काढायला येतात.

हा टापू क्रॅनबोर्न चेसचा, इंग्लंडच्या दक्षिणेला. डोर्सेट, विल्टशर, हॅम्पशर आणि सॉमरसेट असे चार परगणे इथे एकमेकांना भिडतात. मऊ, गोल टेकड्या. सर्वांत उंच माथा विन ग्रीनचा, 277 मीटर. वर हिरवळ दिसते, पण चार बोटं माती उकरली की खाली खडूचा पांढराशुभ्र, मऊ दगड लागतो.

(दृश्य : जोडपं बॅगा घेऊन चढण चढतंय. शेतकरीण फाटक उघडते.)

हे दोघं रेडिंग शहरातून आलेत. ती फलटणकडची, तो नाशिकचा. दोघांच्याही नोकऱ्या घड्याळाला बांधलेल्या. दोन दिवस फक्त एकमेकांसोबत राहायचं, एवढाच बेत.

(दृश्य : दार. वरचा अर्धा भाग उघडा, खालचा बंद.)

दार मधोमध दुभागलेलं आहे. खालचा भाग लावून घ्यायचा म्हणजे कुत्रं किंवा कोकरू आत-बाहेर करत नाही, आणि वरचा उघडा ठेवायचा म्हणजे कळप नजरेत राहतो. दोन्ही बाजूंना छोट्या खिडक्या आहेत, त्याही त्यासाठीच. खोपी उभी करताना दाराची बाजू वाऱ्याकडे येऊ द्यायची नाही, हा जुना शिरस्ता. आज दाराच्या पायरीवर बसून दोघं चहा पितात आणि वारा लागत नाही, तो त्या शिरस्त्यामुळे.

आत साधारण बारा फूट लांबी, सात फूट रुंदी. कोपऱ्यात लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छपरातून वर गेलेलं. छप्पर कमानीसारखं, पन्हळी पत्र्याचं. बाहेरच्या भिंतीही पत्र्याच्या, आतून फळ्या. आणि टोकाला आडवा पलंग.

(दृश्य : पलंगाखालची लाकडी जाळी, जवळून.)

इथे थांबा. पलंगाखाली ही जाळी दिसते ना, ती कोकरांची. फेब्रुवारी-मार्चच्या गारठ्यात मेंढ्या व्यायच्या, तेव्हा मेंढपाळ आठवडेच्या आठवडे याच खोपीत मुक्काम करायचा. गारठलेलं, उठता न येणारं कोकरू उचलून आणायचं, शेगडीजवळ पुसून कोरडं करायचं आणि या जाळीत ठेवायचं. वर माणूस, खाली कोकरं. भिंतीवरच्या फडताळात जवसाचं तेल, टर्पेंटाइन, जखमेला लावायला पाइनचं डांबर. कंदील खुंटीला. झोप मिळाली तर मिळाली.

(दृश्य : आजचा गोठा. शेतकरीण पोरक्या कोकराला दुसऱ्या मेंढीच्या विणीचा ओलावा चोळते.)

वीण आता गोठ्यात होते, पण कसब तेच आहे. या मेंढीला एकच कोकरू झालंय आणि शेजारचं एक पोरकं. मेंढी वासावर चालते; परक्या पोराला ढुशी मारून हाकलते. म्हणून शेतकरीण नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या विणीचा ओलावा हातात घेते आणि पोरक्या कोकराच्या पाठीला, डोक्याला, शेपटीला चोळते. मग दोन्ही कोकरं तिच्या तोंडापुढे ठेवते. मेंढी हुंगते. पुन्हा हुंगते. आणि चाटायला लागते.

(इथे निवेदन नाही. वीस सेकंद.)

मेंढ्यांमागे एवढी रात्रपाळी करायची ती लोकर-मांसासाठी होतीच, पण या खडूच्या जमिनीत मेंढीचं दुसरंही मोल होतं. माती पातळ आणि भुकेली. म्हणून मेंढ्या दिवसा टेकडीवर चरवायच्या आणि रात्री नांगरटीच्या रानात बसवायच्या. हेझल नावाच्या झुडपाच्या फोकांनी विणलेल्या ताट्या रोवून वाडगं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या ताट्या उपटून पुढच्या पट्ट्यात रोवायच्या. रान असं पट्ट्यापट्ट्याने लेंडी-मुताने खतावत जायचं. मागोमाग गहू, बार्ली.

(दृश्य : ती ताट्यांजवळ उभी राहून हात करून काही सांगतेय.)

हे ऐकून फलटणच्या लेकीला नवल वाटलं नाही. तिच्या माहेरी धनगराचा वाडा, म्हणजे कळपासकट बिऱ्हाडांचा तांडा, दरसाल शिवारात उतरतो. वाघर म्हणजे जाळं लावून मेंढरं कोंडतात, रानाचा मालक बसवणुकीचे धान्य नाहीतर पैसे देतो, आणि जागा बदलत बदलत सगळं रान खतावतं. तिथे घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं असतं, इथे घोड्यामागे खोपी.

(दृश्य : कारखाना. लाकडी सांगाडा, पत्रा ठोकणं, ऐरणीवर लाल लोखंड.)

अशा चाकांवरच्या खोपीचा उल्लेख इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून सापडतो. आज आपण पाहतो ते रूप मात्र पत्र्याने दिलं. पन्हळी पत्र्याचं पेटंट 1829 सालचं, लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याचं. हलका, पाऊस अडवणारा, वाकवला की आपोआप छप्पर होणारा. त्याआधी गावचा सुतार आणि लोहार मिळून खोपी उभी करत. पुढे कारखाने उतरले. विल्टशरमध्ये ब्रॅटनचे रीव्हज, कूम बिसेटचे फॅरिस, हॅम्पशरमध्ये अँडोव्हरजवळचे टास्कर, पूर्वेला नॉर्विचचे बोल्टन अँड पॉल. चाकं ओतणं हे त्यांचं खरं हुन्नर. आजचे कारागीर जुन्या चाकांवरून साचे काढतात. हा माणूस आरा मोजतोय, ते बघा: एका आऱ्याची जाडी चुकली तर चाक बिघडतं.

मग हे सगळं का संपलं? 1882 मध्ये न्यूझीलंडहून गोठवलेल्या मांसाचं पहिलं जहाज लंडनला लागलं. मागोमाग रासायनिक खत आलं, ट्रॅक्टर आला, वीण गोठ्यात गेली. खोप्या कुंपणाच्या कडेला पडून राहिल्या. कुठे कोंबड्या, कुठे पोती.

(दृश्य : गंजकी खोपी, आत काटेरी झुडूप.)

नव्वदीच्या अखेरीस काहींनी त्या ओढून काढल्या, पत्रा बदलला, शेगडी बसवली. 2017 मध्ये माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी आत्मचरित्र लिहायला 25,000 पौंडांची नवी खोपी घेतली आणि वर्तमानपत्रांनी ती घरोघरी नेली. आज पर्यटनाच्या जाहिरातींत गावोगावच्या खोप्या आहेत, काही तर हॉटेलांच्या हिरवळीवर, मेंढरू डोळ्यालाही न पडता.

ही खोपी तशी नाही, म्हणून आम्ही इथे आलो. फाटकापलीकडे दोनशेच्या आसपास मेंढ्या आहेत. ब्रेक्झिटनंतर शेतकऱ्यांना एकरावर मिळणारं सरकारी अनुदान 2021 पासून कमी होत गेलं. खोपीच्या रात्रीच्या शंभर-सव्वाशे पौंड भाड्यातून कळपाचं चारा-औषध भागतं, आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवायला शेतकरीण मागेपुढे बघत नाही. गावातली घरं सुट्टीच्या भाड्याला गेल्याने तरुण जोडप्यांना इथे घर मिळणं अवघड झालंय, हेही खरं. चाकांवरच्या खोपीने निदान कुणाचं घर घेतलेलं नाही.

(दृश्य : रात्र. खिडकीतला उजेड, वर तारे.)

2019 पासून क्रॅनबोर्न चेस हे आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश राखीव क्षेत्र आहे. दिवे झाकलेले, खाली वळवलेले. म्हणून ही आकाशगंगा.

(निवेदन नाही. शेगडीचा आवाज. दोघं दारात.)

(दृश्य : सकाळ. ती बाटलीने कोकराला दूध पाजतेय, तो फोटो काढायचं सोडून बघत उभा.)

जायचं असेल तर मार्च-एप्रिल गाठा, आणि ठरवताना एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे मेंढ्या आहेत का? चिखलाचे बूट लागतील. वीण चालू असताना कुत्रा सोबत नेऊ नका. नेलाच तर साखळीवर ठेवा, कारण गाभण मेंढी घाबरून पळाली तर पोटातलं कोकरू जाऊ शकतं. जुनी, मूळ खोपी बघायची असेल तर ससेक्समध्ये सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात एक उभी आहे.