संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात बसण्यापूर्वी

पुण्यात अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखी रूप

पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा गुणांचा असतो आणि दुसरा शुल्काचा. पूर्वाभ्यासाचा, म्हणजे आधीच झालेले असावे लागणाऱ्या विषयांचा, प्रश्न निघालाच तर सर्वांत शेवटी निघतो, आणि तोही ‘डिस्क्रीट मॅथ्स (तर्क, संच, मोजणी यांचे गणित) झालंय, तेवढं चालेल ना?’ अशा थाटात. विद्यापीठाने मागितलेला विषय गुणपत्रिकेवर असणे ही एक गोष्ट आहे आणि त्या विषयावाचून पुढच्या वर्गात आपले अडू नये ही दुसरी. या दोन्हींची तयारी वेगवेगळ्या रीतीने करावी लागते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मागितल्या जाणाऱ्या विषयांच्या याद्यांत देशोदेशी फारसा फरक नसतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या मास्टर्समध्ये पाया म्हणून जे विषय पूर्ण झालेले असावे लागतात ते तर्कशास्त्र आणि ऑटोमाटा (गणनयंत्रांची गणिती प्रारूपे), संभाव्यता, अल्गोरिदम, संगणकाची अंतर्गत रचना आणि संगणकप्रणालींची तत्त्वे हे आहेत. आधीच्या पदवीत ते समतुल्य पातळीवर झाले असल्याचे दाखवता आले तर त्यांतून सूट मिळते. आपल्याकडच्या गेट या एमटेक प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या संगणकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत 100 पैकी 13 गुण अभियांत्रिकी गणिताला असतात. त्या गणितात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस आणि संभाव्यता येते. उरलेला विषयाचा भाग डिजिटल लॉजिकपासून कंपायलर आणि नेटवर्क्सपर्यंत पसरलेला आहे. तुमच्या बायोडाटात ठळक अक्षरांत असणारे ब्लॉकचेन किंवा वेब डेव्हलपमेंट हे विषय वरच्या दोन्हींपैकी एकाही यादीत नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.

आता विषयावाचून अडते म्हणजे नेमके काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. अल्गोरिदमच्या पदव्युत्तर वर्गात पहिल्या काही तासांतच असे विधान येते की, फक्त दोन-दोन संख्यांची तुलना करून क्रम लावणारी कोणतीही पद्धत घेतली तरी सर्वांत वाईट परिस्थितीत तिला साधारण एन लॉग एन (एन म्हणजे संख्या किती आहेत, तो आकडा, गुणिले त्याचा लॉगॅरिदम) इतक्या तुलना कराव्याच लागतात. ‘कोणतीही पद्धत’ यात अजून कोणाला न सुचलेल्या पद्धतीही आल्या, त्यामुळे प्रोग्राम चालवून हे दाखवता येत नाही. पाच वेगवेगळ्या संख्या घ्या. त्यांचे 120 क्रम संभवतात. प्रत्येक तुलनेची उत्तरे दोनच, म्हणून सहा तुलनांतून फार तर 64 परिस्थिती वेगळ्या ओळखता येतील, सात तुलनांतून 128. अर्थात सातांपेक्षा कमी तुलनांत काम भागणे अशक्य. हाच विचार एन संख्यांना लावला की एन फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून एनपर्यंतच्या संख्यांच्या गुणाकाराचा, लॉगॅरिदम (दोनचा कितवा घात) किती मोठा, हा प्रश्न उरतो. त्या गुणाकारातले निम्मे घटक तरी एनच्या निम्म्याहून लहान नसतात, एवढे लक्षात आले की उत्तर हाती येते. प्राध्यापक हे सारे चार ओळींत लिहून पुढे सरकतात. यात क्रमचय (क्रम किती प्रकारे लावता येतात याची मोजणी) आहे, प्रत्येक तुलनेला दोन फांद्या फुटणाऱ्या द्विभाजी वृक्षाची उंची आहे, असमानता आहे. आणि ज्याने डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स केवळ सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांच्या जोरावर पार केले, त्याला त्या चार ओळींपैकी तिसरी कोठून आली हे कळत नाही. गेटचा चांगला स्कोअरही येथे पुरेशी हमी देत नाही, कारण त्या परीक्षेत पर्याय निवडायचे असतात किंवा संख्यात्मक उत्तर भरायचे असते, सिद्धता लिहायची नसते. सिद्धता लिहिण्याचा सराव आपला आपणच करावा लागतो, आणि तो कोणीतरी तपासून दिला तरच उपयोगी पडतो.

एक काळ असा होता की पूर्वाभ्यासाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. केंब्रिज विद्यापीठाने 1953 मध्ये संगणनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू केला तेव्हा संगणकशास्त्राची पदवी कोणापाशीच नव्हती. विद्यार्थी येणार ते गणितातून नाहीतर भौतिकशास्त्रातून. आज त्याच्या उलट स्थिती आहे. पदवी संगणकाची असते आणि गणित मात्र आटलेले असते.

गुणपत्रिकेची बाजू अधिक रुक्ष आहे, पण नुकसान तिथेही होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या 2019 च्या अभ्यासक्रमात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स तिसऱ्या सत्रात येते, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन पाचव्या सत्रात, आणि डिझाइन अँड अॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स हा विषय थेट सातव्या सत्रात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते, म्हणजे अर्जासोबत जाणाऱ्या सहा सत्रांच्या गुणपत्रिकांत अल्गोरिदमचा गुण दिसतच नाही. चौथ्या सत्रातला डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स काही अंशी ही उणीव भरून काढतो, परंतु तपासणाऱ्याला ते आपणहून कळेल असे गृहीत धरू नये. लिनिअर अल्जिब्राचेही तसेच. मॅट्रिक्स, आयगन व्हॅल्यू वगैरे भाग पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स एकमध्ये शिकवला जातो, पण गुणपत्रिकेवर ते नाव उमटत नाही. म्हणून अभ्यासक्रमाच्या प्रतीतली संबंधित पाने काढून, कोणत्या घटकाखाली काय शिकवले गेले हे दाखवणारा एक पानी तक्ता करून ठेवावा. अर्जात जागा असेल तिथे तो जोडावा आणि सातव्या सत्रात चालू असलेले विषय स्वतंत्रपणे लिहावेत.

तुमच्यापैकी जे संगणकाखेरीज इतर विषयांत बीएस्सी करून एमसीए या संगणकाच्या पदव्युत्तर पदवीकडे वळणार आहेत, त्यांच्यासाठी एआयसीटीईचा (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा) नियम ठाऊक असणे आवश्यक आहे. 2020-21 पासून एमसीए तीनऐवजी दोन वर्षांचा झाला. इतर शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो (बारावीला किंवा पदवीला गणित असणे इष्ट मानले जाते), मात्र विद्यापीठ ठरवील ते ब्रिज कोर्स, म्हणजे पायाची उणीव भरून काढणारे छोटे अभ्यासक्रम, पूर्ण करावे लागतात. पूर्वी जे संपूर्ण पहिले वर्ष पायासाठी मिळत असे, ते आता या ब्रिज कोर्समध्ये कोंबले जाते. माझ्या मते हा बदल बीसीए ही संगणकाची पदवी करून आलेल्यांच्या सोयीचा आणि इतरांवर अन्याय करणारा आहे. प्रवेश मिळाल्यावर हे विषय उरकू, असे ठरवणाऱ्यांची पहिल्या सत्रात फार ओढाताण होते. निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे महिने सी ही प्रोग्रामिंगची भाषा, तिच्यातले पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारी चले) आणि प्राथमिक डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवण्याच्या रचना) यांना दिले तर बरेच ओझे हलके होते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी पैशाचीही एक बाब आहे. प्रवेशपत्रात कधीकधी काही विषय अट म्हणून लिहिलेले असतात. ते तिथे जाऊन करायचे, विहित श्रेणी मिळवायची आणि मग मुख्य अभ्यासक्रमाकडे वळायचे, असा तो प्रकार असतो. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संगणकशास्त्राच्या एमएससारख्या ठिकाणी असे विषय पदवीला लागणाऱ्या क्रेडिटमध्ये धरले जात नाहीत, मात्र शुल्क भरावे लागतेच. दोन विषय लागले तरी एखादे सत्र लांबते आणि कर्जाचा हिशेब बदलतो. प्रवेशपत्र स्वीकारण्यापूर्वी विभागाला तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: हे विषय पदवीच्या क्रेडिटमध्ये मोजले जातात का, किमान कोणती श्रेणी लागते, आणि अभ्यासक्रमाची प्रत दाखवून किंवा परीक्षा देऊन त्यांतून सूट मागण्याची सोय आहे का.