कडेचे शंभर मीटर: बाजारपेठेतल्या पार्किंगचं मोजमाप

[दृश्य: पुणे, लक्ष्मी रस्ता, सकाळ. दुकानांची शटर वर जातायत. फूटपाथच्या कडेने मोजपट्टी धरलेले दोघं जण.]

लक्ष्मी रस्त्यावर कापड आणि सोन्याची दुकानं खेटून आहेत. वाहतूक एकेरी आहे, आणि रुंदी वाढवायला मागे जागाच नाही. अशा रस्त्यावर दोन चौकांच्या मधली, फाटक आणि बसथांबा वगळून, सलग १०० मीटर कड पार्किंगला मिळाली असं धरू. तिथे किती गाड्या मावतील? आधी गाडी मोजावी लागेल.

वॅगनआरची लांबी ३.६५५ मीटर, स्विफ्टची ३.८६. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना कराची सवलत मिळत आली, त्यामुळे आपल्या रस्त्यांवर या मापाच्या गाड्या भरपूर दिसतात. इनोव्हा क्रिस्टा मात्र ४.७३५ मीटर लांब आणि १.८३ रुंद, आणि आरसे त्याच्या बाहेर. म्हणून चारचाकीला २.५ बाय ५ मीटरची चौकट धरायचा रिवाज आहे. आवारातल्या वाहनतळावर हे माप चालतं. रस्त्याच्या कडेला एकामागे एक गाड्या लावताना ते पुरत नाही, कारण रिव्हर्स घेऊन आत शिरायला पुढे-मागे मोकळी जागा लागते. वाहतूक अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात म्हणूनच समांतर पार्किंगला गाडीमागे ५.९ मीटर धरतात. त्या हिशेबाने १०० मीटरमध्ये १६ गाड्या.

[दृश्य: रस्त्यावर खडूने आखलेल्या चौकटी. आधी समांतर, मग ४५ अंशांत, मग काटकोनात.]

गाडी तिरकी केली की आकडा वाढतो. २.५ मीटर रुंदीची चौकट ४५ अंशांत ठेवली, तर ती कडेची ३.५४ मीटर लांबी घेते. टोकाच्या चौकटीचा तिरका कोपरा धरून १०० मीटरमध्ये २७ गाड्या. ६० अंशांत ३४, काटकोनात ४०. हे आकडे बघून अनेकांचा हात काटकोनाकडे जातो, आणि चूक इथेच होते. समांतर गाडी रस्त्याची दोन-अडीच मीटर रुंदी खाते. ४५ अंशांतली ५.३० मीटर खाते, ६० अंशांतली ५.५८. काटकोनातली ५ मीटरच खाते, पण तिला मागे येऊन वळायला आणखी सुमारे सहा मीटर लागतात, म्हणजे दर वेळी सगळी वाहतूक थांबणार. शिवाय तिरकी लावलेली गाडी बाहेर काढताना शेजारच्या गाडीमुळे चालकाला येणारा सायकलवाला दिसत नाही. पेठेतल्या एकेरी रस्त्यावर समांतर पार्किंगच करावं. तिरकं पार्किंग फक्त तिथेच, जिथे धावत्या वाहतुकीची रुंदी सोडून साडेपाच मीटर खरोखर शिल्लक आहेत.

मग १६ वरच थांबायचं का? नाही. सगळ्या चौकटी एका मापाच्या असायची गरज नाही. रांगेच्या दोन्ही टोकांची बाहेरची बाजू मोकळी असते, तिथे ५ मीटर पुरतात. मधल्या चौकटी ५.५ मीटरच्या आखल्या तर १०० मीटरमध्ये १८ बसतात आणि वर दोन मीटर उरतात. ५.५ मध्ये स्विफ्ट आरामात शिरते, इनोव्हाला कसरत पडते. लांब गाड्यांना टोकाची जागा सोपी जाते, कारण तिथे सरळ आत घेता येतं.

‘रेषा आखूच नका, लोक आपोआप जवळजवळ लावतील’ असंही कुणी सुचवतं. तसं होत नाही. १९५८ साली हंगेरीचे गणितज्ञ आल्फ्रेड रेन्यी यांनी हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. सारख्या लांबीच्या गाड्या कडेला मनाला येईल तिथे थांबत गेल्या, तर कडेची साधारण ७५ टक्केच लांबी भरते. बाकीची एकेका गाडीपेक्षा लहान फटींमध्ये वाया जाते. छोटी गाडी आणि तिच्या हालचालीची जागा मिळून ५ मीटर धरा. आखणीशिवाय १०० मीटरमध्ये सुमारे १५ गाड्या राहतील, आखून १८ राहतात. आणि त्या फटी मोकळ्या राहत नाहीत, त्यांत दुचाकी घुसतात. मग चारचाकीला निघता येत नाही आणि तिचा चालक हॉर्न वाजवत दुचाकीच्या मालकाला शोधत बसतो.

[दृश्य: दुचाक्यांची रांग, वरून. काही सरळ, काही साइड स्टँडवर कललेल्या.]

दुचाकीकडे पुण्यात अजून जास्त लक्ष द्यायला हवं. नियमातलं माप १ बाय २ मीटर. अ‍ॅक्टिवा १.८३ मीटर लांब आणि सुमारे ७० सेंटिमीटर रुंद, स्प्लेंडर २ मीटर लांब. प्रत्यक्ष रस्त्यावर पाऊण मीटर रुंदीत गाडी बसते, पण मेन स्टँडवर असेल तरच. साइड स्टँडवरची गाडी कलते आणि शेजारणीची जागा खाते. चारचाकीच्या एका ५.५ मीटरच्या चौकटीत सात दुचाकी मावतात.

दुचाकी तिरक्या लावल्या की रस्ता मोकळा होतो, असा समज आहे. मोजून बघा. दोन मीटर लांबीची, पाऊण मीटर रुंदीची गाडी काटकोनात कडेपासून २ मीटर बाहेर येते. ४५ अंशांत ती १.९४ मीटर बाहेर येते. वाचले सहा सेंटिमीटर! उलट कडेची लांबी पाऊण मीटरवरून १.०६ मीटरवर गेली. दहा मीटरमध्ये काटकोनात तेरा गाड्या राहतात, तिरक्या आठ. दुचाकी काटकोनातच लावाव्यात, आणि पुढच्या चाकाला फूटपाथच्या कडेचा टेका मिळेल इतकी कड उंच असावी. कड बसकी असली की गाड्या फूटपाथवर चढतात. मग बोलार्ड, म्हणजे रोवलेले आखूड खांब, लावावे लागतात, आणि बोलार्डमधलं अंतर व्हीलचेअर जाईल पण स्कूटर जाणार नाही असं ठेवणं जवळपास अशक्य असतं, कारण व्हीलचेअरला लागणाऱ्या ९० सेंटिमीटरमधून स्कूटर सहज जाते. म्हणून कडेची उंची आधी बघा, बोलार्ड नंतर.

चौकटी आखण्याआधी काही जागा बाजूला काढायच्या असतात, आणि त्या नंतर काढता येत नाहीत. अपंग व्यक्तीच्या गाडीला ३.६ बाय ५ मीटर लागतात, फूटपाथवर चढणाऱ्या उताराला लागून. मालाच्या टेम्पोलाही स्वतंत्र जागा हवी. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, ३.८ मीटर लांब आहे. पण त्याचा मागचा फाळका खाली पाडून गठ्ठे उतरवायला आणखी दीड मीटर लागतो. हे दीड मीटर आखणीत नसले की टेम्पो दुसऱ्या रांगेत उभा राहतो आणि एकेरी रस्त्याची एक लेन अर्धा तास बंद होते. दुकानं उघडण्याआधी तीच जागा मालाला आणि नंतर दुचाकींना, असं वेळेने वाटून देता येतं. फलकावर मात्र तास स्पष्ट हवेत. चौकाच्या तोंडाशी नुसता पिवळा पट्टा मारून भागत नाही. तिथे फूटपाथच पार्किंगच्या रुंदीइतका पुढे काढावा. मग उभं राहायला जागाच उरत नाही, आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचं अंतरही कमी होतं.

[दृश्य: वहीत गाडीनंबरांचे शेवटचे चार आकडे लिहिणारा हात.]

आता वेळेकडे. सर्व्हेला महागडं यंत्र लागत नाही. एका माणसाने ठरलेल्या तुकड्यावर दर अर्ध्या तासाने एकाच दिशेने चालत जायचं आणि प्रत्येक जागेवरच्या गाडीचे शेवटचे चार आकडे लिहायचे. सकाळी नऊ ते रात्री नऊ. मेडिकल, मिठाई, एटीएम असलेल्या पट्ट्यात फेरी पंधरा मिनिटांची हवी, नाहीतर दहा मिनिटं थांबणारी दुचाकी नोंदीत येतच नाही. दुसऱ्या रांगेत आणि नो पार्किंगमध्ये उभ्या गाड्याही लिहायच्या. त्या वगळल्या की मागणी खोटी दिसते.

आपल्या १८ जागा बारा तास म्हणजे २१६ जागा-तास. त्यांतले ८५ टक्के वापरले तर १८४. प्रत्येक गाडी तीन तास थांबली तर दिवसाला ६१ गाड्यांना जागा मिळते. पाऊण तास थांबली तर २४५ गाड्यांना. एकही नवी चौकट न आखता चौपट! म्हणून सर्व्हेच्या वहीत सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत तोच नंबर सारखा येत असेल, तर तिथे थांबा. बाजारपेठेत ही गाडी बहुतेक वेळा दुकानमालकाची किंवा कामगाराची असते. गिऱ्हाइकाला जागा नाही ही दुकानदारांची तक्रार खरी असते, आणि तिचं उत्तर बऱ्याचदा दुकानासमोरच उभं असतं.

८५ टक्के का? सातांतली एक जागा रिकामी राहिली तर नवा माणूस घिरट्या न घालता थांबू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले डोनाल्ड शूप यांनी हे मांडलं, आणि सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून ते करून बघितलं. तिथे सरासरी ८० टक्क्यांच्या वर जागा भरल्या की ताशी दर पंचवीस सेंटने वाढायचा, ६० ते ८० मध्ये तसाच राहायचा, ६० पेक्षा कमी भरल्या की उतरायचा. प्रत्येक तुकड्याचा दर वेगळा, दुपारचा आणि सकाळचाही वेगळा. दर उतरतोही, हे आपल्याकडे सांगायचं राहून जातं.

पुण्यात मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध झाला, ते निवडक रस्त्यांपुरतं प्रयोग म्हणून आणायचं ठरलं आणि नंतर वर्षानुवर्षं रखडलं. तोवर सम-विषम तारखांची पी-१, पी-२ पद्धत चालू आहे: सम तारखेला एका बाजूला पार्किंग, विषम तारखेला समोरच्या. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे दोन्ही दिवस विषम. सलग दोन दिवस एकाच बाजूला गाड्या. ते चालून जातं. खरा तोटा वेगळा आहे. पार्किंगची रुंदी दोन्ही बाजूंना राखून ठेवावी लागते आणि रोज त्यातली निम्मीच वापरली जाते. एका बाजूला कायमचं पार्किंग केलं तर दुसऱ्या बाजूचे दोन मीटर फूटपाथला देता येतात. समोरच्या दुकानदारांना पटवणं अवघड आहे, पण एकाआड एक तुकड्याने बाजू बदलली की वाटणी बरोबर होते.

[दृश्य: मंडईजवळचं बहुमजली वाहनतळ, वरचे मजले.]

दर ठरवताना जवळचं वाहनतळ विसरू नका. मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन ही वाहनतळं आहेत, लक्ष्मी रस्त्यापासून चालत काही मिनिटांवर. रस्ता फुकट आणि वाहनतळ पैशाचं असेल, तर माणूस आधी रस्त्यावरच घिरट्या घालणार. दुकानासमोरची जागा महाग आणि वाहनतळ स्वस्त, असा उतार हवा. दिवसभर थांबणाऱ्याला मासिक पास वाहनतळाचाच द्यावा. रस्त्याचा पास कधीच देऊ नये.

ठेकेदाराचा करार हा पे अँड पार्कचा सगळ्यात नाजूक भाग. ठेकेदार महापालिकेला ठरावीक रक्कम देतो आणि वरचं सगळं त्याचं, अशी बोली असेल तर जास्त गाड्या कोंबणं आणि पावतीविना पैसे घेणं यातच त्याचा फायदा. पैसे थेट महापालिकेच्या खात्यात आणि ठेकेदाराला कामाचा ठरावीक मोबदला, असा करार करावा. दंड मोबदल्यातून कापायचा: तपासणीची फेरी चुकली, पावती दिली नाही, दुसऱ्या रांगेत गाडी दिसली.

दंडाचं गणितही साधं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. वीस वेळांतून एकदाच पकडलं तर दर वेळेला सरासरी पंचवीस रुपये पडले. पार्किंगचे पैसे त्याच्या जवळपास जात असतील तर लोक पावती कशाला घेतील? दंड वाढवण्यापेक्षा रोजच्या फेऱ्या वाढवाव्यात. वेळ उलटलेल्या गाडीला जॅमर, वाट अडवणाऱ्या गाडीला टोइंग. वाट अडवणाऱ्या गाडीला जॅमर लावला तर ती आणखी तासभर वाट अडवते.

पट्टे थर्मोप्लास्टिक रंगाचे, अडीच मिलिमीटर जाडीचे, वर काचमणी टाकलेले हवेत. साधा रंग अशा वर्दळीत टिकत नाही. पावसाळा संपून रस्ता पूर्ण कोरडा झाला की आखणी करा, आणि जलवाहिनी किंवा केबलची खोदाई ठरलेली असेल तर ती आधी उरकू द्या. तीन महिन्यांनी त्याच तुकड्यावर, त्याच वारी, त्याच फेऱ्यांनी पुन्हा नंबर लिहा. दिवाळीचा आणि गणपतीचा आठवडा टाळा. सरासरी ८५ च्या वर असेल तर त्या तुकड्याचा दर वाढवा, ६० च्या खाली असेल तर उतरवा, आणि नवा दर पंधरा दिवस आधी फलकावर लावा.