दादर: जिन्यांचं स्टेशन

नमस्कार मंडळी. रोज दादरला गाडी बदलणारे जे कोणी आत्ता ऐकत असाल त्यांना एक विचारतो, दादर स्टेशनची इमारत कधी नीट बघितलीय का हो? सीएसएमटीची बघतो तशी, समोर उभं राहून, मान वर करून? नाही ना. डोळ्यात भरावी अशी इमारतच नाहीये तिथे. दादर म्हणजे नुसते जिने आणि पूल, आणि गंमत म्हणजे मराठीत दादर या शब्दाचा अर्थही जिना किंवा पूल असाच होतो, गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात. बरोबरच पडलं म्हणायचं!

आता हे असं का झालं ते सांगतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती इथूनच पुढे गेली, ती जीआयपी कंपनीची. मग 1867 साली बीबीसीआय या दुसऱ्या कंपनीची विरारहून बॅकबेला गाडी सुरू झाली, तीही दादरवरूनच. म्हणजे कंपन्या दोन, रूळ शेजारी शेजारी, पण स्टेशनं आपापली, तिकीट खिडक्या आपापल्या. एकाच वाड्यात वाटण्या होऊन दोन चुली मांडाव्यात तसं सगळं. 5 नोव्हेंबर 1951 ला त्यांच्या सेंट्रल आणि वेस्टर्न झाल्या, पाट्या बदलल्या, वाटण्या मात्र तशाच राहिल्या.

मधल्या काळात आजूबाजूला शहर उभं राहिलं. 1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या मुंबईतून लोकांना बाहेर काढायचं म्हणून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यांनी दादर-माटुंग्याला आखून रस्ते काढले, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही सगळी त्यातलीच. ईस्टला ट्रामचं शेवटचं स्टेशन होतं, दादर ट्राम टर्मिनस, तेच आपलं दादर टीटी. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघून दादरला आली आणि मुंबईतली ट्राम संपली, टीटी हे नाव मात्र बसच्या पाटीवर अजून आहे.

आता जिन्यांकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. रूळ ओलांडायचे नाहीत म्हटल्यावर सगळ्यांनी वर चढायचं आणि पलीकडे उतरायचं, दुसरा मार्गच नाही. त्यात विजेच्या गाड्या आल्या, वेस्टर्नवर 1928 च्या जानेवारीत, म्हणजे गाडीच्या वर तारा आणि तारांच्या वर पूल, मग पायऱ्या वाढणारच की. आणि एक गोष्ट आपण रोज बघतो पण लक्षात घेत नाही. दोन रुळांच्या मधल्या प्लॅटफॉर्मवर जिना उतरतो तो बरोब्बर मधोमध, आणि त्याच्या दोन्ही अंगाला उरते एक चिंचोळी पट्टी, त्याच पट्टीत गाडीची वाट बघणारे उभे, त्यातूनच उतरलेले जिन्याकडे निघालेले, आणि एखादा झेंडूचं गाठोडं डोक्यावर घेऊन फुलबाजारातून आलेला. प्लॅटफॉर्म बाकी ठिकाणी ऐसपैस दिसतो, पण गर्दी नेमकी तिथेच जमते जिथे तो सगळ्यात अरुंद असतो. म्हणूनच मुरलेला माणूस कुर्ल्याला चढतानाच डबा ठरवतो, जिन्यासमोर येणारा. बारा डब्यांची गाडी जवळजवळ अडीचशे मीटर लांब, चुकीच्या टोकाला उतरलात तर तेवढं अंतर गर्दीतून कापा.

जिन्याची रुंदी हा नुसता सोयीचा प्रश्न नाहीये बरं का. 29 सप्टेंबर 2017 ला दादरच्या पुढच्याच स्टेशनवर, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडला, म्हणजे आताच्या प्रभादेवीला, पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबून राहिले, खालून नवी गर्दी चढत राहिली, आणि त्या अरुंद जिन्यावर चेंगरून 23 माणसं गेली. पाच महिन्यांनी लष्कराने तिथे नवीन पूल बांधून दिला. पुलावरून माणसं चालतात एवढंच आपण धरून चालतो, ती तिथे थांबतातही, आडोशाला, कोणाची वाट बघत, हे कागदावर कोण मांडणार?

दादरला 2023 मध्ये जे झालं ते मला म्हणूनच आवडलं. सेंट्रलचा एक नंबर प्लॅटफॉर्म सात मीटर रुंद होता, शेजारचा दोन नंबर बंदच करून टाकला आणि एक नंबर साडेदहा मीटर केला, दादरहून सुटणाऱ्या गाड्या परळला नेल्या. नवीन काही न बांधता आहे ते काढून टाकून जागा केली, असं आपल्याकडे क्वचित होतं.

आणि मग त्याच वर्षी 9 डिसेंबरला ती दोन चुलींची भानगडही थोडी मिटली. तोवर एक नंबर दोन होते, वेस्टर्नचा वेगळा आणि सेंट्रलचा वेगळा, फोनवर एक म्हणायचा एक नंबरला उभाय, दुसरा म्हणायचा अरे मी पण एक नंबरलाच आहे, आणि दोघं एकमेकांना दिसत नाहीत. आता वेस्टर्नचे 1 ते 7 तसेच, सेंट्रलचे 8 ते 14. तरी जुने लोक अजून म्हणतात, तीन नंबरला ये, आणि मग जीभ चावून सांगतात, म्हणजे आताच्या नऊला.