आवाज झाल्यानंतरचा दाब

मंडळी, मिरज इथून हाकेच्या अंतरावर. सतारीच्या या मुलखात बोटाला घट्टा पडला की घरचे कौतुकानं सांगतात, पोर रियाज करतंय. तारेवर बोट घासतं, तेव्हा तिथं ते खरंही आहे. पियानोत बोट कुठंच घासत नाही. म्हणून पियानोला बसणाऱ्या मुलाचा हात दुखत असेल तर त्याला मेहनतीची पावती समजू नका. काहीतरी चुकतंय, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडची बरीच मुलं आधी पेटीवर हात बसवून मग कीबोर्डकडे किंवा पियानोकडे येतात. पेटीत पट्टी दाबून धरली की आतली झडप उघडी राहते आणि सूर वाजत राहतो; आवाज लहानमोठा करतो तो भाता. पियानोत भाता नाही, सगळं बोटाच्या वेगावर. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. ती तळाला टेकण्याच्या किंचित आधीच आतली हातोडी सुटते आणि मोकळी उडून तारेवर आपटते. हातोडी सुटली की बोटाचा तिच्याशी संबंध संपला. त्यानंतर पट्टी कितीही रेटा, आवाजात तसूभर फरक पडत नाही. तो रेटा आपल्याच सांध्यांत जिरतो. पट्टी हलकेच खाली न्यायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं, आणि सूर लांबवायला तर त्याहूनही कमी.

हे तपासायचं कसं? एक सूर वाजवून धरायला सांगा आणि मुलाच्या नखाकडे बघा. नख पांढरं पडलं तर दाब जास्त आहे. मग तुमच्या हातानं त्याचं मनगट खालीवर हलवा. पट्टी खालीच राहून मनगट सहज हललं पाहिजे. कडी लावल्यासारखं घट्ट असेल तर तिथंच थांबा, पुढचा सूर नको. हाताच्या पाठीवर नाणं ठेवून वाजवायला लावण्याची जुनी पद्धत आहे. माझ्या मते ती मनगट घट्ट करायलाच शिकवते.

आता डाव्या हातानं उजवा हात कोपराखाली धरा आणि बोटं नाचवा. हललं काय? बोटं वाकवणारे मोठे स्नायू इथं, कोपरापाशी आहेत; बोटांपर्यंत त्यांच्या दोऱ्या जातात, त्याही मनगटातल्या अरुंद वाटेनं. मनगट वाकडं ठेवून वाजवलं की त्या दोऱ्या तिथं घासतात. करंगळीच्या सुरासाठी मनगट मुरडू नका, कोपरापासूनचा सगळा हात तिकडे न्या. अनामिका उचलायला जड जाते, कारण हाताच्या पाठीवर तिची दोरी शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांशी जोडलेली असते. तिला वेगळी ओढून ‘बळकट’ करण्याच्या नादी लागू नका. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानचा उजवा हात १८३०च्या सुमारास कायमचा अधू झाला; बोटांच्या व्यायामासाठी त्यानं एक यंत्र वापरलं होतं.

आणि डायनिंग टेबल! टेबल साधारण ७५ सेंमी, त्यावर कीबोर्डची जाडी, म्हणजे पट्ट्या ८५च्या जवळ. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून ७२-७४ सेंमीवर असतात. या दहा-बारा सेंमीपायी मूल खांदे वर ओढून बसतं आणि आई म्हणते, मान का दुखते? कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा जरासं वर हवं. टेबल बुटकं मिळत नसेल तर खुर्चीवर घट्ट घडीची चादर घाला. मग पाय लोंबकळतात, त्यांच्याखाली पाट द्या.

छोट्या हातांचं एक. पियानोवर आठ पांढऱ्या पट्ट्या मिळून जवळपास १९ सेंमी होतात. ज्याची वीत १६ सेंमीच आहे त्याला सप्तक, म्हणजे टोकांच्या दोन्ही पट्ट्या एकदम, आतल्या कडांवर पकडता येतं, पण हात पूर्ण ताणून. त्याला पानभर सप्तकं देऊ नका. खालचा सूर आधी, वरचा मागून घेऊ द्या, नाहीतर एक सूर सोडून द्या.

बहुतेक दुखणी एप्रिलमध्ये येतात. वार्षिक परीक्षेपायी दोन महिने वाद्य बंद, आणि सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी तीन तास. वाद्य बंद होण्यापूर्वी रोज एक तास होत असेल तर अर्ध्या तासानं सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की पाच मिनिटं उठायचं. त्या पाच मिनिटांत मोबाइल नको, तिथं पुन्हा तोच अंगठा राबतो.

दुखायला लागलं की त्याच क्षणी थांबायचं, बाम चोळून पुन्हा बसायचं नाही. दोन-तीन दिवस विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं, रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या आल्या, करंगळी बधिर झाली, किंवा अंगठ्याच्या बाजूचं मनगट कप उचलताना कळ मारू लागलं, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि काय, किती वेळ वाजवता ते त्यांना सांगा.

ज्यांनी घरून टेबलाची उंची मोजून आणली आहे, त्यांनी पुढे या.