एसीचा गॅस संपत नसतो

दहावीनंतर आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, त्याला आलेल्या पोरापोरींना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की एसी गार करेना झाला तर काय कराल, आणि वर्ग एका सुरात म्हणतो, गॅस भरू सर. अरे, गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद पाइपात तोच तो फिरतोय, आतल्या कॉइलमध्ये उकळताना खोलीतली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेर ती उष्णता टाकून परत लिक्विड होतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. लीक न शोधता गॅस भरणारा पुढच्या उन्हाळ्यात परत त्याच घरी जातो, आणि खरं सांगू का, काहींचं दुकान त्यावरच चालतं.

म्हणून आधी फिल्टर बघा, आउटडोरच्या कॉइलवर धूळ आहे का बघा, मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कॅपॅसिटर तपासा (आधी त्यात साठलेली वीज काढून, म्हणजे डिस्चार्ज करून, नाहीतर झटका बसलाच म्हणून समजा), मग गॅसचं प्रेशर बघायला गेज लावा. लीकचा संशय असेल तर नायट्रोजनचं प्रेशर द्या आणि जॉइंटला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. ब्रेझिंगसाठी (पाइप तापवून धातूने जोडायला) आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारीच उभा असतो, त्याला हात लावायचा नाही, प्रेशरखाली ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. लीक बंद झाला की व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा ओढून काढा, व्हॅक्यूम मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर आकडा 500 च्या खाली, आणि मग गॅस वजनकाट्यावर मोजून, एसीच्या प्लेटवर लिहिलाय तेवढाच. थोडा गॅस सोडून हवा हाकलली की झालं, असं म्हणणाऱ्या उस्तादाकडून बाकी सगळं शिका, हे नको.

आता गॅसही बदललेत. आर-22 ओझोनच्या थराला मारक, 1987 च्या मॉन्ट्रियल कराराखाली तो हळूहळू बंद होतोय, त्याच्या जागी आलेला आर-32 ओझोनला त्रास देत नाही पण पेटू शकतो आणि त्याचं प्रेशर दीडपटीहून जास्त, जुने गेज नि होज (गेजच्या नळ्या) त्याला चालत नाहीत. आर-290 म्हणजे तर सरळ प्रोपेन.

बाकी घरच्या एसीवर वर्ष निघत नाही, पावसाळ्यात फोन वाजायचा थांबतो, म्हणून कोल्ड स्टोरेजचं कामही बघा. नाशिककडे द्राक्षं तोडल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला टाकून 4 अंशांच्या आसपास आणतात, मग शून्य-एक अंशाला ठेवतात. कोल्ड स्टोरेजमध्ये बऱ्याच ठिकाणी अमोनिया असतो, ते काम शिकलेला माणूस सहज मिळत नाही.

चला, टेबलाजवळ या, फ्लेअर करून दाखवतो, म्हणजे नटने जोडायला पाइपाचं तोंड पसरट करायचं, लीक बऱ्याचदा तिथेच सापडतो. पाइपाचं तोंड खाली धरून कापलेली कड साफ करणारा रीमर फिरवायचा म्हणजे चुरा आत पडत नाही. आणि फ्लेअरच्या आधी नट पाइपात घाला रे, दर बॅचला कुणीतरी विसरतंच.