सिलिंडर बदलल्यावरचं एक मिनिट

नमस्कार श्रोतेहो,

भाजी अर्धी शिजलेली असते आणि गॅस संपतो. मग घाईघाईत भरलेला सिलिंडर पुढे ओढायचा, रेग्युलेटर बसवायचा आणि लगेच लायटर मारायचा. बहुतेक घरांत असंच चालतं. आज मला बोलायचं आहे ते रेग्युलेटर बसवणं आणि लायटर मारणं यांच्या मधल्या एका मिनिटाबद्दल.

सिलिंडर दारात आला की वजन आणि गळती तपासून दाखवणं हे डिलिव्हरीवाल्याचं काम. ते त्याच्याकडून करवून घ्याच, संकोच नको. पण तो तपासतो ती फक्त सिलिंडरची झडप. रेग्युलेटरचा जोड नंतर आपण करतो, आणि तो तपासायला कोणी येत नाही.

बदलण्याआधी शेगडीच्या सगळ्या कळा बंद करा आणि खिडकी उघडा. आपल्याकडे देव्हारा पुष्कळदा स्वयंपाकघरातच असतो, तेव्हा निरांजन आणि उदबत्तीही शांत करा. नव्या सिलिंडरची टोपी काढली की करंगळीने आत चाचपून बघा, रबरी वॉशर जागेवर आहे का. तो नसेल किंवा चिरलेला असेल, तर टोपी परत लावा आणि सिलिंडर बदलून मागा. जुन्या सिलिंडरमधला वॉशर काढून यात बसवण्याची हुशारी काही जण करतात, ती कृपा करून नको. रेग्युलेटर बंद स्थितीत ठेवूनच बसवा आणि घट्ट बसला का, ते हलकेच वर ओढून बघा.

आता ते मिनिट. वाटीत भांडी घासायचं लिक्विड आणि थोडं पाणी घ्या, बोटाने फेस करा. शेगडी बंदच ठेवून रेग्युलेटर चालू करा. रेग्युलेटरच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नळीवरून तो फेस लावा आणि नीट बघत राहा. एका जागी बुडबुडे फुगू लागले, तर तिथून गॅस निसटतोय. काडी ओढून गळती शोधणारे अजूनही भेटतात. गळती असलीच तर त्या काडीने भडकाच उडेल.

‘वास आला की कळेलच की,’ असं बरेच जण म्हणतात. या गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा असतो. सर्दी झालेल्या नाकाला तो कळत नाही आणि थोड्या वेळाने नाकाला त्याची सवयही होते. शिवाय गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो. ओट्याखालच्या बंद ट्रॉलीत सिलिंडर कोंडण्याची फॅशन मला म्हणूनच पटत नाही. तशी रचना असेलच, तर त्या दाराला खालच्या बाजूला जाळी हवी.

बुडबुडे दिसले तर रेग्युलेटर बंद करून काढा आणि टोपी लावा. गळती झडपेतूनच असेल तर टोपी लावून सिलिंडर मोकळ्या हवेत उभा ठेवा. घरात वास पसरला असेल तर विजेचं एकही बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. दारं-खिडक्या उघडून बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. ही मदत चोवीस तास मिळते.

आणि नळी? तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं उलटली असतील तर ती वरून कितीही धडधाकट दिसो, बदला.