चन्नम्माचा एक दिवस, इराची वर्षे

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाविषयी आज मला बोलायचे आहे, आणि त्यातही विशेषकरून इराविषयी. या चित्रपटाचा विषय निघाला की लोक अप्पांविषयी आणि चन्नम्माविषयी भरभरून बोलतात. अप्पांची मुलगी इरा मात्र बोलण्यात मागे पडते, किंवा येते ती दोषी म्हणूनच.

कथा थोडक्यात सांगतो. डॉ. चक्रपाणी शास्त्री, म्हणजे घरातले अप्पा, हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि अल्झायमरने त्यांची स्मृती हळूहळू पुसली जात आहे. एके दिवशी अप्पा गाडीत असताना इरा कामासाठी खाली उतरते, तेवढ्यात रस्त्याने जाणारा हत्ती अप्पांच्या दृष्टीस पडतो आणि ते त्याच्या मागोमाग निघून जातात. पुढे एकीकडे इराची जिवाच्या आकांताने चाललेली शोधाशोध आणि तिला आठवणारे जुने दिवस, तर दुसरीकडे माहूत अंता आणि त्याची बायको चन्नम्मा यांच्या आसऱ्याला गेलेले अप्पा, अशा दोन वाटांनी चित्रपट चालतो.

गावात हत्ती आला की पोरे त्याच्या मागे धावतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहे, आणि अप्पा त्या क्षणी त्या पोरांतलेच एक झालेले असतात. मला मात्र त्यांचे नाव ऐकल्यापासून भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्रमोक्ष आठवत राहतो. तिथे मगरीने पाय धरलेल्या हत्तीच्या सुटकेसाठी चक्रपाणी धावून येतो. इथे चक्रपाणी हत्तीच्या मागे जातो आणि सुटका त्याचीच व्हायची असते. भागवतात असेही म्हटले आहे की, गजेंद्राने त्या संकटात जे स्तोत्र म्हटले ते त्याने पूर्वजन्मी शिकलेले होते. सारे हातचे गेल्यावरही फार पूर्वी शिकलेले काही शिल्लक राहते, ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे!

वैद्यकशास्त्राचे निरीक्षणही याच दिशेचे आहे. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत आढळलेले बदल प्रथम मांडले, आणि १९१० साली या आजाराला त्यांचे नाव मिळाले. मेंदूतला जो भाग नव्या आठवणी नोंदवून ठेवतो त्यालाच या आजाराची झळ सहसा आधी बसते. म्हणून सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण लहानपणी तोंडपाठ केलेले श्लोक, पाढे आणि हातांना लागलेल्या सवयी पुष्कळ काळ टिकून राहतात. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आलेला आहे, आणि तिथे स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश, बुद्धिनाशापासून सर्वनाश असा क्रम सांगितला आहे. ज्याने आयुष्यभर हे श्लोक शिकवले असतील त्याच्याच बाबतीत हा क्रम एकेक पायरीने घडावा, यासारखी करुण गोष्ट दुसरी नाही. तरीही चित्रपट त्या क्रमाला पूर्णपणे मान तुकवत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. स्मृती गेली, बुद्धीही विझत आली, तरी माया घेण्याची अप्पांची ताकद गेलेली नाही.

अप्पांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, हे पडद्यावर त्यांच्या संयमातून कळते. रुग्णाची नक्कल करण्याचा मोह त्यांनी एकदाही होऊ दिलेला नाही. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ज्यांनी नाना फडणवीस उभा केला त्यांच्याच चेहऱ्यावरची ही निरागस, ओळख हरवलेली नजर पाहताना नटाच्या आवाक्यापुढे मान लवते.

चन्नम्मा झालेल्या अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते २०१३च्या चित्रपटांसाठीचे एकसष्टावे पुरस्कार होते. चन्नम्माला अप्पांची भाषा नीट कळत नाही, त्यांची विद्वत्ता तिच्या गावीही नाही. तिच्यासमोर एक भुकेला, घाबरलेला म्हातारा माणूस आहे आणि ती त्याला लेकरासारखे जवळ करते. तो तिला आई म्हणतो आणि ती आई होते. प्रेक्षकांचे डोळे इथे पाणावतात, माझेही पाणावले.

मात्र इथेच थांबून थोडा विचार केला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. चन्नम्माला अप्पांकडून काहीही परत नको आहे, कारण तिचे त्यांच्याजवळ काही ठेवलेलेच नाही. इराचे सारे बालपण त्यांच्याजवळ ठेवलेले आहे. तिला पहिल्यांदा अक्षर गिरवायला कोणी शिकवले, ती कशाने रुसत असे, याचा जो साक्षीदार होता तोच आता तिच्याकडे परक्या नजरेने पाहतो. बापाने आपल्याला ओळखावे, हा तिचा हट्ट तिला सोडता येत नाही, आणि तो सोडता न येणे म्हणजे प्रेमाचा अभाव नव्हे. शिवाय चन्नम्माच्या वाट्याला अप्पांचा एक दिवस आला आहे. इरासाठी काल होता, आज आहे आणि उद्याही असणार आहे. या दोघींची तुलना करून ‘बघा, परकी बाई जे करू शकली ते पोटच्या मुलीला जमले नाही’ असा निष्कर्ष काढणारे प्रेक्षक मला भेटले आहेत, आणि दर वेळी मला मनस्वी दुःख झाले आहे. इरावती हर्षे यांनी इराचा त्रागा, तिची शरम आणि तिची माया एकाच चेहऱ्यावर वागवली आहे. त्यांच्या कामाची हवी तितकी वाखाणणी झाली नाही, असे माझे मत आहे.

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंशाने गाठले आहे, असा अलीकडचा अंदाज आहे. यातल्या बहुतेकांचे सारे काही घरातच होते, आणि घरात म्हणजे घरातल्या एखाद्या बाईच्या हातून. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शेवटची चार वर्षे तिला माझे नाव आठवत नसे, पण वर्तमानपत्रातला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला शब्द ती पेन्सिलीने गोल करून ठेवी. तिचे सगळे वहिनींनी केले. रात्री गॅसचा रेग्युलेटर काढून त्या धान्याच्या डब्यामागे ठेवत, दाराला वरची कडी लावत आणि तिच्या खोलीबाहेर अंथरूण घालत, कारण आई पहाटे तीनला उठून शाळेत जायला निघे. त्या उंच कडीवरून एका नातलगांनी वहिनींना चारचौघांत सुनावले होते की, म्हाताऱ्या माणसाला असे कोंडून ठेवता काय? वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला घुंगरू बांधले, कडी काढली, आणि त्यानंतर त्यांची झोप आणखी कमी झाली.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी आम्ही ‘अस्तु’ एकत्र पाहिला. चन्नम्माच्या प्रसंगांना वहिनी शांत बसून होत्या. इरा गाडीतून उतरली त्या प्रसंगाला मात्र त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, “आदल्या रात्री हिची झोप झालेली नसणार हो, भाऊजी.”